अर्जाबाहेरची चार माणसं

राग माझ्या नाकावर असतो. घरचे सगळे हे म्हणतात, आता नातवंडंही म्हणायला लागली आहेत, आणि ते खोटं नाही. पण आयुष्यात एकदा माझ्या रागाचा घराला उपयोग झाला, तेवढं श्रेय मी सोडणार नाही. त्या दिवसाचं बाकीचं श्रेय दुसऱ्यांचं आहे. त्यांचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, कारण आमच्यात घरच्या माणसांना आणि शेजाऱ्यांना 'आभारी आहे' म्हटलं तर ते आजारी आहेस का म्हणून कपाळाला हात लावून बघतात. म्हणून आता लिहून मोकळी होते.

सन एकोणीसशे पासष्टचा नोव्हेंबर. आम्ही जबलपूरला, खमरियाच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा, म्हणजे मुरलीधर देवतळे, तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत फिटर होते. सप्टेंबरात लढाई झाली आणि थांबलीही, पण फॅक्टरीतलं काम थांबलं नव्हतं. बाबा सकाळी सहाला घर सोडत ते संध्याकाळी सातला परत येत, रविवारसुद्धा. ब्लॅकआउटसाठी खिडकीच्या काचांवर चिकटवलेला काळा कागद आईने अजून काढला नव्हता. पुन्हा लढाई लागली तर पुन्हा खळ कोण शिजवत बसेल, असं ती म्हणे.

वर्षभरापूर्वी बाबांचे मोठे भाऊ आर्वीला वारले. बाबा तिकडे गेले आणि येताना वहिनीला आणि तिच्या तीन मुलांना बरोबर घेऊनच आले. मी तिला मोठीआई म्हणायची. विनता, अच्युत आणि मोहन ही तिची मुलं. आम्ही चौघं म्हणजे बाबा, आई, मी आणि धाकटी लतिका. दोन खोल्या, मागे एवढंसं अंगण, आणि आठ माणसं. भांडणं होत, पण ती आंघोळीच्या नंबरावरून आणि उशीवरून, त्यापलीकडे नाही.

मी तेरा वर्षांची, आठवीत होते. शहरात, दीक्षितपुऱ्यात, मुलींची एक खाजगी शाळा होती. सहावीपासून मी तिथे बसने जात होते. आमच्या वस्तीतल्या शाळेत पाचवीच्या पुढे वर्ग नव्हते आणि दुसरीकडे मुलींना शिवणकाम-स्वयंपाकच शिकवत. मला गणित येत होतं. नुसतं येत नव्हतं, ते करताना माझा राग शांत होई, म्हणून आईलासुद्धा ते हवं होतं. पण चार माणसांचा संसार आठांचा झाला तेव्हा फीची ओढाताण सुरू झाली, आणि दिवाळीनंतर बाबांनी सांगून टाकलं की जानेवारीपासून जमणार नाही. शाळेत गरजू मुलींसाठी फी माफी होती. ती मिळाली तर शाळा, नाही तर मी घरी. इतकं सरळ होतं ते.

बाबा अर्ज भरायला बसले. नाव, पत्ता, पगार, सगळं सुरळीत झालं. मग रकाना आला, 'आश्रितांची संख्या'. बाबांनी तीन लिहिलं.

"वहिनी आणि पोरं धरून सात होतात ना," आई म्हणाली.

बाबांनी पेन खाली ठेवलं. "दादानं मला मॅट्रिक केलं. स्वतः फाटक्या सदऱ्यात फिरला आणि माझी फी भरली. त्याच्या बायकोला मी आश्रित लिहू?"

"अहो, कागदावरच तर लिहायचं आहे."

"ती माझी माणसं आहेत. दारात पडलेली नाहीत," बाबा म्हणाले आणि सही करून टाकली.

मोठीआई आत कणीक मळत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. मी ते पाहिलं आणि विसरूनही गेले, कारण मला तेव्हा स्वतःपलीकडे फारसं काही दिसत नव्हतं.

दुसरी गंमत अशी झाली की अर्जाला दोन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जोडायच्या होत्या, आणि त्या नेमक्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या. त्यात लढाईचा ओव्हरटाइम धरलेला. तो काही जन्मभर मिळणार नव्हता, पण स्लिप तसं सांगत नाही. कागदावर आम्ही चार माणसांचं बऱ्यापैकी खातंपितं घर झालो.

शाळेत गणिताच्या विभावरी बहनजी होत्या. आमच्या हिंदी शाळेत बाईंना बहनजीच म्हणत, पण त्या घरच्या मराठी. उंच, वाळक्या, आणि हसल्याचा पुरावा कोणाकडे नाही. फी माफीच्या कमिटीवर त्या होत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"कागद पाहून तुझं काम होईल असं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "रविवारी तीन वाजता मी घरी येते. आईला सांग, काहीएक करायचं नाही. घर आहे तसं मला पाहायचं आहे."

मी घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. आईने त्यातलं 'बहनजी घरी येणार' एवढंच ऐकलं. बाकीचं तिच्या कानावरून गेलं. बाबांनीही तिला बजावलं, "घर आहे तसं राहू दे." आईने मान हलवली. आईची मान हलली म्हणजे होकारच असतो असं बाबांना सोळा वर्षांच्या संसारानंतरही वाटत असे.

आमच्या क्वार्टरांच्या ओळीत एक रीत होती. कोणाच्या घरी मुलगी पाहायला यायचे असले की सगळी ओळ आपापल्या घरातलं चांगलंचुंगलं तिथे नेऊन मांडायची आणि पाहुणे गेले की परत आणायची. त्यात लाज कोणालाच नव्हती. शहरातून मोठ्या बाई येणार म्हटल्यावर शेजारच्या बेबीताई राऊत रविवारी सकाळीच कंबर कसून हजर झाल्या.

"मागच्या साली आमच्या सुमनला पाहायला आले तेव्हा तुमच्याच सतरंजीवर बसले होते ना? चलो, आज आमची बारी," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत आमच्या खोलीत वेताच्या दोन खुर्च्या आल्या, पोपट विणलेला टेबलक्लॉथ आला, समोरच्या तरुण जोडप्याकडून, श्रीरंग आणि हेमलताकडून, भिंतीवरचं घड्याळ आलं. बेबीताईंचा रेडिओ त्याच्या झालरीच्या कव्हरासकट आला. पितळेच्या आणि नव्या स्टीलच्या भांड्यांची तर रांग लागली. मी बघतच राहिले.

"आई, त्या आपली गरिबी पाहायला येऊन राहिल्या!"

"म्हणून काय लंकेची पार्वती होऊन समोर बसू?" आई म्हणाली. "बाई पहिल्यांदा आपल्या घरी येऊन राहिल्या. त्यांना फुटक्या कपात चहा देऊ काय?"

"त्यांनी सांगितलं होतं काही करायचं नाही म्हणून!"

"असं सगळेच सांगतात," आई म्हणाली, आणि घड्याळ सरळ केलं.

आईला मी नावं ठेवते आहे असं वाटेल. पण तिचं म्हणणं मला आता कळतं. वर्षभर ती एकेक वस्तू ट्रंकेतून काढून मोडीत देत होती. त्या एका दुपारी तिला आपलं घर पूर्वीसारखं दिसलं, आणि ते दाखवायची हौस तिला आवरली नाही.

दोनच्या सुमारास मोठीआईने आपल्या तिन्ही मुलांची तोंडं पुसली. "मी पोरांना घेऊन बेबीताईकडे बसते," ती म्हणाली. "एवढ्याशा घरात इतकी माणसं पाहून बाई काय म्हणतील." मग जरा खालच्या आवाजात, "आणि चांगल्या कामाला मी समोर नको." नवरा गेलेल्या बाईने अशा वेळी समोर येऊ नये, असं तेव्हा मानत. सांगायला कोणी लागत नसे, त्या बाया आपणच उठून आत जात.

"असं काय बोलता जी," आई म्हणाली. पण थांबवलं नाही.

तीनला बरोबर दोन मिनिटं असताना बहनजी काळी छत्री टेकवत आल्या. आईने त्यांना वेताच्या खुर्चीवर बसवलं. खोलीत काळ्या कागदामुळे अंधार होता, म्हणून आईने ती खुर्ची उचलून दाराजवळ, उजेडात आणली. बहनजींनी घड्याळ पाहिलं, पोपट पाहिले, रेडिओ पाहिला.

"रेडिओ चालतो?"

आईला तो लावता येत नव्हता. "बॅटरी संपली," ती म्हणाली.

बहनजींनी रेडिओच्या मागून भिंतीतल्या प्लगकडे गेलेल्या वायरकडे पाहिलं. मला वाटलं आता जमीन दुभंगली तर बरं. शाळा गेली, असं मी मनात म्हणून टाकलं. स्वतःच्याच आईने स्वतःच्या हाताने घालवली.

मग चिवडा आला. बहनजींनी दोन घास खाल्ले, वाटी डोळ्यांजवळ नेली, वरच्या काठावर बोट फिरवलं. पाणी प्यायल्या आणि फुलपात्र पालथं करून पाहिलं. चहाचं तबक उचलून उजेडाकडे धरलं. आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालून आणायची पद्धत. गावोगावी टकटक करत नाव घालणारे बसलेले असत. ओळीतल्या साऱ्या बाया त्याच पद्धतीच्या, आणि भांडी आणताना एकीच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. आईच्याही नाही.

बहनजींनी वर्गात हजेरी घ्यावी तशी वाचायला सुरुवात केली. "सौ. बेबीताई राऊत. चि. दिवाकर याच्या मुंजीनिमित्त. श्रीरंग आणि हेमलता, शुभविवाह, एकोणीसशे बासष्ट." चमचा उलटा केला, तो ओळीतल्या तिसऱ्याच घरचा. "रत्नाकर." मग आईकडे पाहिलं. "देवतळे कुठे आहेत?"

आईने पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. ती बोलत नाही हे पाहून मात्र माझा ताबा सुटला.

"देवतळ्यांची भांडी जर्मनची आहेत, ती आत आहेत!" मी ओरडले. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आमच्याकडे तसंच म्हणतात. "खुर्च्या बेबीताईंच्या, रेडिओ बेबीताईंचा, घड्याळ समोरच्यांचं! आणि अर्जात तीन लिहिलं ते पण खोटं आहे. आम्ही घरात चार माणसं नाही, आठ आहोत!"

आईने मला असा चिमटा काढला की वळ दोन दिवस होता. "पोट्टी काहीही बोलते," ती बहनजींना म्हणाली.

"बाकीचे चार कुठे आहेत?" बहनजींनी विचारलं.

मी मागच्या दाराकडे पाहिलं. बाबांनी ज्यांना अर्जात घातलं नव्हतं त्यांना आपण बाहेरच्या बाईपुढे कसं मोजायचं, हे आईला उमजत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या हसत्या-खेळत्या आईला आपण कुठल्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं असं मला वाटलं, आणि मला माझाच राग आला.

आमच्या आणि बेबीताईंच्या अंगणामध्ये छातीएवढी भिंत होती. माझा आवाज पलीकडे गेला नसता तरच नवल. मागचं दार वाजलं आणि मोठीआई आत आली. विनता, अच्युत आणि मोहन तिच्या मागोमाग. ती सरळ बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिली, बहनजींच्या समोर. आमच्या घरी आल्यापासून ती कोणा पाहुण्यापुढे आली नव्हती.

"आम्ही आहोत ते चार," ती म्हणाली. "लिहून घ्या."

"वहिनी, ह्यांना आवडणार नाही," आई म्हणाली.

"भावजींना मी समजावते. ते मोठेपणा करून राहिले आणि पोट्टीची शाळा जाऊन राहिली." ती बहनजींकडे वळली. "मी विधवा आहे. दिराच्या घरी राहते, त्यांचंच खाते. आश्रित म्हणतात ना त्याला? मग तेच लिहा. त्यानं माझं काही झिजत नाही."

बहनजींनी पिशवीतून अर्ज काढला. "नाव सांगा."

मोठीआई जरा घुटमळली. तिला तिचं नाव विचारलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. घरात ती वहिनी, नाही तर मोठीआई, नाही तर विनताची आई. "सत्यवती," ती म्हणाली. "सत्यवती देवतळे." मलाही ते नाव तेव्हाच कळलं, एक वर्ष तिच्या हातचं जेवून.

बहनजींनी चारही नावं लिहिली, वयं विचारली, ओव्हरटाइम कधीपर्यंत चालेल असं वाटतं तेही विचारलं. मग टोपण लावून म्हणाल्या, "सात वर्षं मी ही घरं पाहते आहे. अर्ज केला की लोक खुर्च्या लपवतात. माणसं लपवलेलं घर पहिल्यांदा पाहिलं."

आई रडायलाच लागली. बहनजींनी तिला रडू दिलं आणि तोवर उरलेला चिवडा संपवला. "चिवडा तरी घरचा आहे ना?" त्यांनी विचारलं. आईने डोळे पुसत मान हलवली. "मग थोडा बांधून द्या," त्या म्हणाल्या. तो पुडा घेऊन त्या बसस्टॉपकडे गेल्या.

संध्याकाळी बाबा आले. आईने सगळं सांगितलं, रेडिओच्या बॅटरीसकट. ते पायरीवर जाऊन बसले. वहिनीचा अपमान झाला आणि तो आपल्या घरात झाला, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. मोठीआई दाराच्या आत उभी राहिली. ती त्यांच्याशी सहसा समोर येऊन बोलत नसे.

"भावजी, तुमच्या दादानं तुमची फी भरली तेव्हा तुम्ही त्यांचे कोण होते?"

बाबांनी पायातले बूट काढून बाजूला ठेवले.

"आश्रितच ना? काहून, तुम्हाला कमीपणा वाटला होता काय?"

"दादानं कधी वाटू दिला नाही," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही तरी कुठं वाटू दिला?" ती म्हणाली आणि स्वयंपाकाला गेली.

पुढचे तीन आठवडे माझा जीव टांगणीला होता. बहनजी वर्गात माझ्याकडे बघतसुद्धा नसत, आणि एकदा तर बेरीज चुकली म्हणून त्यांनी मला बाकावर उभं केलं. डिसेंबरच्या मध्यावर त्यांनी एक लिफाफा माझ्या हातात दिला. "वडिलांना दे. रस्त्यात उघडू नकोस." मी बसमध्येच उघडला. जानेवारीपासून शाळा संपेपर्यंत पूर्ण फी माफ. मी ते इतक्या वेळा वाचलं की उतरायचा स्टॉप निघून गेला आणि चालत परत यावं लागलं.

तेव्हापासून आजपर्यंत मी त्या बहनजींची ऋणी आहे. त्यांनी शिकवलेल्या गणितावर मी पुढे एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना गणित शिकवलं. बेबीताईंची आणि त्यांच्या नाव घातलेल्या वाटीचीही ऋणी आहे, आणि हे मी विनोदाने म्हणत नाही. ती वाटी नसती तर बहनजी पोपटांचा टेबलक्लॉथ पाहून परत गेल्या असत्या.

पत्र आलं त्या संध्याकाळी बाबांना फॅक्टरीचा सुटीचा भोंगा झाल्यावर कोणीतरी गेटवरच बातमी दिली होती. ते घराच्या उलट्या दिशेने, शहराकडे घमापूरला जाऊन पेढे घेऊन आले. हातपाय धुऊन त्यांनी पत्र दिव्याखाली धरलं आणि मोठ्याने वाचलं. 'कुटुंबातील आठ सदस्यांचा विचार करून' इथे ते थांबले. आईने पेढ्याचा पुडा देवापुढे ठेवायला हात पुढे केला. बाबांनी तो दिला नाही. त्यांनी पुडा सोडला आणि पहिला पेढा मोठीआईपुढे धरला. तिने हात मागे घेतला, पण बाबा तसेच धरून उभे राहिले.

"वहिनी, चार माणसांच्या घराला त्यांनी नाहीच म्हटलं असतं," बाबा म्हणाले. "तुम्ही आणि पोरं आहात म्हणून हे झालं."

मोठीआईने पेढा घेतला. थोडा वेळ तो तळहातावरच ठेवून ती पाहत राहिली. "म्हणजे मी इथं जेवते म्हणून पोट्टी शिकते, असं म्हणा की," ती म्हणाली, आणि हसली. तिचं हसणं आमच्या घरात त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. मोहन तर घाबरून तिच्या तोंडाकडे बघायला लागला.

बाबा आणि मुलं जेवल्यावर आई आणि मोठीआई जेवायला बसल्या. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर बसले. आमच्याकडे आल्यापासून मोठीआई एका पोळीवर उठायची. भूक नाही म्हणायची, आणि आम्हाला सगळ्यांना ते खरं वाटायचं. मलाही वाटायचं, त्याची लाज मला अजून आहे. रेशनच्या लाल गव्हाची पोळी होती आणि वांग्याची भाजी. तिने तिची पोळी संपवली. मग ताट आईकडे सरकवलं आणि म्हणाली, "आणखी एक वाढ वं."

आईने दोन वाढल्या. तिने दोन्ही खाल्ल्या.